काकू, ढाब्यावरची पार्टी फसली, आता मंडळ कसं जोडू?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार काकू. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं छोटं गाव आहे, नाव नका टाकू. आमचं क्रीडा मंडळ आहे, कबड्डीची टीम आहे, वर्षातून एकदा रक्तदान शिबिर घेतो, उन्हाळ्यात नाल्यावर श्रमदान करतो, आणि समाजमंदिरात एक अभ्यासिका चालते ती गावातल्या सात-आठ पोरी सांभाळतात. सगळे मिळून ३८ जण आहोत. गणपतीच्या हिशोबावरून दोन गट पडले, तेव्हापासून मीटिंगला दहा जण पण येत नाहीत. मी सचिव आहे म्हणून मीच हायवेवरच्या ढाब्यावर पार्टी ठेवली. बिल ६,४०० रुपये झालं, आले १९ जण, दोन्ही गट वेगवेगळ्या टेबलवर बसले, दोघं-तिघं पिऊन आले आणि शेवटी भांडणच झालं. पोरींपैकी एकही आली नाही. आता अध्यक्ष म्हणतात जेवणावळीत पैसा घालू नका, त्यापेक्षा सगळ्यांना टी-शर्ट छापू. मला अजूनही वाटते की सोबत जेवल्यानं माणसं जवळ येतात. माझं चुकते का? आणि करायचंच तर खर्च मंडळातून करू की वर्गणी काढू? तुमचा एक वाचक, वय २६."

काकूंचं उत्तर:

बाळा, तुझं चुकत नाही. सोबत जेवल्यानं माणसं जवळ येतात हे खरंच आहे. पण तुम्ही त्या दिवशी सोबत जेवलेच नाही रे, एका छपराखाली दोन वेगळी जेवणं झाली, आणि ती पण दुसऱ्यानं रांधलेली. ढाब्यावर काय होते, माणूस येतो, ज्याच्याशी पटते त्याच्याच बाजूची खुर्ची ओढतो, वेटर आणून देतो, खातो, हात धुतो, गाडीला किक मारतो. कोणाला कोणाची गरजच पडत नाही. मीठ मागायला पण दुसऱ्या टेबलाकडे वळावं लागत नाही. ज्यांचं आधीच पटत नाही त्यांना एकमेकांकडे न पाहता जेवून निघायची तिथं पूर्ण सोय असते.

मला हे कळलं ते कुरोड्यांच्या वेळी. आमचा अकरा जणींचा बचत गट आहे, पंधरा-सोळा वर्षं झाली. मधे एकदा एकीच्या कर्जाचे तीन हप्ते थकले, दुसरी तिला सगळ्यांसमोर बोलली, ती रडत घरी गेली आणि झालं, गट अर्धा इकडे अर्धा तिकडे. महिन्याच्या मीटिंगला सही करायपुरत्या यायच्या आणि लगेच उठायच्या. मी चहा-चिवडा ठेवून पाहिला, हळदीकुंकवाला बोलावून पाहिलं, काही फरक नाही. मग चैत्र लागला. कुरोड्या काही एकटीच्यानं होत नाहीत, पाहिजे तर तुझ्या आईला विचार, गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा आणि चौथ्या दिवशी पहाटे मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, चीक शिजवायचा, तेव्हा एक जण ओतते आणि दुसरी हाटत राहते, हाटणारीचा हात थांबला की गुठळ्या झाल्याच म्हणून समज. त्या दोघींची घरं लागून, अंगण एकच, गंज एकीकडे आणि सोऱ्या दुसरीकडे. कोणी समजूत काढली नाही, कोणी माफी मागितली नाही. एक ओतत होती, दुसरी हाटत होती, आणि तेवढ्यात "हळू वत ना माय जरा" एवढं पहिलं वाक्य निघालं, सात महिन्यांनंतर. कुरोड्या खाटेवर घालून झाल्यावर उरलेला गरम चीक, कोणाला तेल-तिखट कोणाला साखर, आम्ही अंगणातच ताटल्या हातात धरून खाल्ला. पुढच्या मीटिंगला त्या थकलेल्या हप्त्यांचं काय करायचं ते वीस मिनिटांत ठरलं.

तोच चीक मी घरी करून त्यांना वाटीत नेऊन दिला असता तर काही झालं नसतं. त्या दिवशी एकीचे हात दुसरीला लागत होते, एवढीच गोष्ट आहे.

म्हणून तुला म्हणते, जेवण विकत घेऊ नको, चूल मांड. तुमच्या मंडळातल्या माणसांनी मिळून रांधायचं, वाढायचं, भांडी घासायची. अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरातल्या अग्निशमन केंद्रांवर कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी अभ्यास केला होता, २०१५ साली तो छापून आला. तिथले आग विझवणारे जवान स्वतः वर्गणी काढतात, आळीपाळीनं स्वयंपाक करतात आणि एकत्र बसून जेवतात, आणि ज्या केंद्रावर हे जास्त होते तिथल्या टीमचं काम पण चांगलं होते असं त्यांना दिसलं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त पटली, जिथं सोबत जेवत नव्हते तिथल्या लोकांना कारण विचारलं तर त्यांना सांगायला ओशाळल्यासारखं व्हायचं, म्हणजे आपल्यात काहीतरी बिनसलेलं आहे हे त्यांचं त्यांना माहीत होतं. तुझ्या पोट्ट्यांना पण माहीत आहे बघ. नाहीतर १९ जण तरी कशाला आले असते.

आता काय रांधायचं. माझं ऐकशील तर रोडगे. आता थंडी पडली आहे, शेतात रोडग्याची जेवणं सुरू झालीच असतील तुमच्याकडे. रोडगे का म्हणते ते सांगते. एक तर त्याला आचारी लागत नाही. दुसरं म्हणजे त्यात काम भरपूर आणि प्रत्येकाला जमेल असं, आणि तिसरं, त्यात बसून वाट पाहायला लागते, आणि ती वाट पाहण्याची वेळ तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. गहू जाडसर दळून आणायचे, त्यात ओवा, मीठ, तेलाचं चांगलं मोहन, कणीक घट्ट मळायची. पोळी लाटून तेल लावून घड्या करत गोळे वळायचे. तोवर कोणीतरी गोवऱ्यांचा ढीग पेटवायचा, धूर पूर्ण जाऊन लाल इंगळ झाले की मग त्यावर रोडगे ठेवायचे, गरम राखेत झाकायचे, मधून मधून फिरवायचे. घाई केली की वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. पाऊण-एक तास तरी लागतोच. झाले की पोत्यात घोळून राख झाडायची, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची रस्सा भाजी आणि वरण, भात थोडाच.

चाळीस माणसांचा माझा अंदाज सांगते, आम्ही गुरुदेव सेवा मंडळाच्या कार्यक्रमाला इतकंच धरतो. रोडग्याची कणीक ८ किलो, वांगी ६ ते ७ किलो, तुरीची डाळ ३ किलो, तांदूळ ३ किलो, तूप १ किलो, आणि भाजीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, सढळ हातानं टाका, तो वरून टाकायचा, शिजवायचा नाही. जवान पोट्टे कबड्डी खेळून येणार असतील तर कणीक दोन किलो वाढव.

कामं कशी वाटायची ते मात्र तू आधी डोक्यात पक्कं कर, कारण नाही केलं तर जे ढाब्यावर झालं तेच शेतात होईल, एक गट बांधाच्या या बाजूला मोबाईल पाहत बसेल आणि दुसरा त्या बाजूला. दोन्ही गटांचे जे म्होरके आहेत ना, ज्यांचं हिशोबावरून वाजलं, त्या दोघांना एकाच आगटीवर ठेव. आगटीचं काम असं आहे की एकाला रोडगे फिरवावे लागतात आणि दुसऱ्याला राख सारावी लागते, धूर डोळ्यात जातो, हात भाजतो, न बोलता ते होतच नाही. त्यांना समजवायला कोणी जाऊ नका. हिशोबाचा विषय पण तिथं काढायचा नाही, ही एकच अट सगळ्यांना आधी सांगून ठेव. बाकी वांगी चिरायला चार जण, त्यात प्रत्येक गटाचे दोन, असं करत जा. यादी ग्रुपवर टाकू नको, ग्रुपवर टाकली की लगेच "याच्यासोबत मी नाही" असे मेसेज सुरू होतात. तोंडी सांग, तिथं गेल्यावर सांग, "भाऊ जरा इकडे हात लाव" असं.

पण हिशोबाचं एक ऐक. जेवण हिशोबाच्या जागी चालत नाही. गणपतीचा जो काही जमाखर्च आहे, बँडवाल्याचे किती, मंडपाचे किती, उरले किती, तो जेवणाच्या निदान आठ दिवस आधी कागदावर लिहून समाजमंदिराच्या भिंतीला लाव. पावत्या नसतील तर पावती नाही असं लिही. नाहीतर लोक म्हणतील आम्हाला रोडगे चारून हिशोब गिळला, आणि ते म्हणतील तर मी पण त्यांच्या बाजूनं असेन.

आता पोरींचं. तुझ्या पत्रात हे एका ओळीत आलं, "पोरींपैकी एकही आली नाही", पण मला तेच सगळ्यात जास्त लागलं. अरे रात्रीची वेळ, हायवेवरचा ढाबा, पिऊन आलेली दोघं-तिघं, कोणता बाप पाठवेल आणि पाठवलं तरी ती का येईल? अभ्यासिका त्या चालवतात, म्हणजे मंडळाचं रोज चालणारं काम तेच आहे, कबड्डी आणि रक्तदान वर्षातून काही दिवस. तर जेवण असं ठेव की त्या येऊ शकतील. दिवसाउजेडी ठेव. गावात किंवा गावाला लागून असलेल्या शेतात ठेव. आणि त्यांना बोलावताना "तुम्ही पोळ्या करायला या" असं चुकूनही म्हणू नको! आपल्याकडे हेच होते, पोरगी आली की तिच्या हातात पोळपाट आणि पोरगा आला की त्याच्या हातात माईक. पोरांनी कणीक मळायची. पोरींनी काय करायचं ते पोरींना ठरवू दे, त्यांना आगटीवर बसायचं असेल तर आगटीवर बसतील.

त्यांच्याकडून एक गोष्ट शिकण्यासारखी पण आहे. भुलाबाई आठवते ना, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या विदर्भात पोरी घरोघरी जातात, गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. डबा झाकलेला, हलवून आवाज ऐकायचा, खारट की गोड, डाळ्या की फल्ली, आणि ओळखली की सगळ्यांनी वाटून खायची. मूठभरच खाऊ असतो पण पन्नास वर्षांनी पण कोणाच्या घरी काय खिरापत होती ते बाया सांगतात. मी सांगू शकते. मला वाटते पुढच्या कोजागिरीला मंडळाचं दूध त्या पोरींनी आयोजित करावं आणि पोट्ट्यांनी वाढपी व्हावं.

पुढचं जे लिहिते ते लिहायला मला जड जाते, पण तू गावातला आहेस, तुला कळेल. पंगतीत कोण कुठं बसलं हे पाहायचं. मी नोकरीला लागले तेव्हा, ते गाव आता सांगत नाही, तिथं भंडारा होता आणि मला पहिल्या पंगतीला आग्रहानं बसवलं, बाई आल्या बाई आल्या म्हणून. माझ्या वर्गातली चार लेकरं देवळाच्या ओट्याच्या खाली, त्यांच्या आई-बापासोबत थांबलेली होती, कारण त्यांच्या वस्तीची पंगत शेवटी बसायची. मी त्यांना पाहिलं, त्यांनी मला पाहिलं. मी जेवले. उठून त्यांच्यात जाऊन बसायची माझी हिंमत झाली नाही, मी नवी होते, बाहेरगावची होते, ही सगळी कारणं खरी आहेत पण दुसऱ्या दिवशी वर्गात त्या लेकरांच्या डोळ्याला डोळा देता आला नाही हे पण खरं आहे. एकाच गावात पाचशे माणसं जेवली त्या दिवशी आणि त्यानं गाव जोडलं नाही, उलट कोणाची जागा कुठं ते पुन्हा एकदा सगळ्यांना दाखवून दिलं.

म्हणून पंगत एकच. ३८ माणसांची एकच रांग बसते, शेतात जागा काही कमी नाही. समोरासमोर दोन रांगा घाल पाहिजे तर, पण एका वेळी. पत्रावळ्या पळसाच्या घे, थर्माकोलच्या ताटांवर २०१८ पासून राज्यात बंदीच आहे आणि पळस तर आपल्याच रानातला. वाढणाऱ्यांनी पण नंतर बसायचं नाही, अर्धे वाढतील, मग अर्धे बसलेले उठून वाढतील, असं फिरवा. अध्यक्षांच्या हातात वरणाचा गंज दे आणि त्यांना रांगेतून फिरू दे. सेवाग्रामला गांधीजी १९३६ साली येऊन राहिले तेव्हा आश्रमाचा स्वयंपाक एकत्रच व्हायचा आणि कामं सगळ्यांवर वाटलेली असायची, कोणत्या जातीचा म्हणून कोणाला त्यातून सूट नव्हती. आपल्यापासून तीन तासांच्या रस्त्यावर हे झालेलं आहे, त्यामुळे आपल्याकडे असं चालत नाही असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नको. आणि कोणी म्हणालंच की अमक्याच्या हातचं आमच्या घरी चालत नाही, तर त्याच्याशी वाद घालत बसू नको, पण त्याच्यासाठी वेगळी चूल पण मांडू नको. आज नाही आला तर पुढच्या वेळी येईल. वेगळी चूल एकदा मांडली की ती कायमची राहते.

दारूचं. इथं मऊ राहू नको. पिऊन आलेल्याला त्या दिवशी घरी पाठवायचं, मग तो तुमचा बेस्ट रेडर का असेना. आपल्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा, शेणगावचा जन्म, १८७६ चा, त्यांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोडाचं जेवण दिलं होतं, त्या काळात, घरच्यांचा रोष पत्करून. तुला तर फक्त एका दोस्ताला म्हणायचं आहे की भाऊ आज नको, उद्या ये.

मटण पण या जेवणात नको असं माझं मत आहे. मटण वाईट म्हणून नाही, तुम्ही वेगळं करत असाल तर खुशाल करा, पण माळकरी असतात, कोणाचा वार असतो, मटण म्हटलं की वर्गणी तिप्पट होते आणि त्याच्या मागून बाटली येतेच. सगळे एका रांगेत बसून सगळं खाऊ शकतील असंच जेवण पाहिजे. आणि तुमच्यात मुस्लिम पोरं असतील तर रमजानमधे दुपारचं जेवण ठेवू नको, रोजा सुटायच्या वेळी ठेव, खजूर आधी त्यांच्या हातात जाऊ दे. कोणाचा उपवास असेल तर फल्ली आणि गूळ बाजूला ठेवला की झालं, त्याचा काही बाऊ करायची गरज नाही.

दिवस कोणता? सोयाबीन निघालं, पण कापसाची वेचणी चालू आहे, म्हणजे रविवार हा आपल्याकडे सुट्टीचा दिवस नाहीच. तुमच्यातले जे रोजंदारीनं जातात त्यांचा एक रोज बुडाला तर ते येणार नाहीत आणि कारण पण सांगणार नाहीत. तुमच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ठेव. त्या दिवशी बहुतेक मजुरी बंद असते, हातात चुकारा असतो आणि संध्याकाळी वांगी पण स्वस्त मिळतात, फक्त तुम्हाला ती सकाळीच लागतील तर आदल्या दिवशी कोणाच्या मळ्यातून आणा.

एक मात्र आहे, रोडग्याचं जेवण वर्षातून एकदा-दोनदा होईल. मंडळ त्यावर चालत नाही. मंडळ चालते ते छोट्या डब्यांवर. २०१६ साली पाणी अडवायच्या कामाची गावागावांतली स्पर्धा, वॉटर कप, सुरू झाला, पहिल्या वर्षीच्या तीन तालुक्यांत आपलं वरुड होतं, ते ऐकून आमच्या गावातही लोकांनी कुदळ-फावडी उचलली, स्पर्धेत नव्हतो तरी. सकाळी सहाला जायचो, साडेआठ-नवाला ऊन तापायच्या आत थांबायचो. पहिले चार दिवस लोक काम झालं की घरी पळायचे आणि पाचव्या दिवशी आकडा निम्म्यावर आला. मग एका म्हाताऱ्यानं घरून येताना भाकरी आणि जवसाची चटणी फडक्यात बांधून आणली आणि खोदलेल्या चराच्या काठावर बसून खायला लागला, "या ना बाप्पा, दोन घास खा" असं म्हणत. दुसऱ्या दिवशी चार फडकी आली. मग ठरूनच गेलं की जो येईल त्यानं एक भाकर आणि जे असेल ते आणायचं आणि मधे चादर टाकून सगळं एकत्र करायचं. कोणाचा ठेचा, कोणाचं झुणका, कोणाचं नुसतं कांदा-मीठ, चादरीवर गेलं की कोणाचं काय ते उरत नाही. तुम्ही श्रमदान करताच, तर हे उद्यापासून करता येते, एक रुपया न लावता. उन्हाळ्यात ४४-४५ डिग्रीत मात्र जेवणाच्या आधी मीठ घातलेलं ताक किंवा ज्वारीची आंबील द्यायची, घामातून मीठ जाते आणि नुसतं पाणी पिऊन पोरं चक्कर येऊन पडतात.

रक्तदान शिबिरातही तसंच. रक्त देणाऱ्याला तुम्ही बिस्किट आणि केळ देता, चांगलंच आहे, पण दिवसभर खुर्च्या उचलणारे, फॉर्म भरणारे तुमचे स्वतःचे पोरं-पोरी दुपारी तीनपर्यंत उपाशी असतात, मी पाहिलं आहे हे बऱ्याच शिबिरांत. पाहुणे डॉक्टर जेवतात आणि वॉलंटिअर उरलेलं खातात. पुढच्या वेळी एक वाजता अर्ध्या जणांना आणि दीड वाजता उरलेल्या अर्ध्यांना सक्तीनं बसव. नुसती खिचडी का असेना, गरम पाहिजे आणि बसून खाल्लेली पाहिजे. तीन वर्षं राबणारा माणूस चौथ्या वर्षी का येत नाही, याचं उत्तर खूपदा एवढंच असते की तो उपाशी आहे का हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.

स्वयंपाकाच्या दोन गोष्टी सांगून ठेवते, कारण एक चूक झाली आणि दहा जणांना उलट्या झाल्या तर पुढची दहा वर्षं कोणी तुमच्याकडे जेवणार नाही. भात उरला तर तो गंजात झाकून रात्रभर ठेवून सकाळी कोणाला देऊ नका. कोमट भातात जे जंतू वाढतात त्यांचं विष परत गरम केल्यानं जात नाही. म्हणून भात कमीच लावा आणि शेवटी लावा. आणि पितळेचा मोठा गंज कोणाकडून आणाल तर आत कल्हई आहे का ते बघा, चिंच-टमाटर घातलेली भाजी कल्हई गेलेल्या भांड्यात करायची नाही. हात धुवायला साबण आणि पाण्याचा ड्रम चुलीपासून चार पावलांवरच ठेवा, लांब ठेवला की कोणी जात नाही.

टी-शर्टाचं म्हणशील तर अध्यक्षांना दुखवू नको, छापा पुढे कधी. पण भांडलेल्या दोन माणसांनी सारखा टी-शर्ट घातला तरी ती भांडलेलीच असतात.

आता पैशाचं, जे तू विचारलं. मंडळाच्या खात्यातून खर्च करू नको, आत्ता तरी नाही, कारण तिथंच दुखणं आहे. आणि सगळ्यांकडून सारखी शंभर-शंभर रुपये वर्गणी पण नको. ३८ जणांत चार-पाच असे असतील ज्यांना शंभर रुपये जड आहेत, ते पैसे नाहीत असं म्हणणार नाहीत, ते म्हणतील मला काम आहे. त्यापेक्षा वस्तू माग. ज्याचं शेत आहे तो जागा आणि वांगी देईल, ज्याच्याकडे गाई-म्हशी आहेत तो गोवऱ्या, कोणी पायलीभर गहू, कोणाच्या घरचं तूप, चक्कीवाल्याचा पोरगा मंडळात असेल तर दळण. ज्याच्याकडे काहीच नाही तो ड्रमनं पाणी आणेल, आणि पाण्याशिवाय तर कणीक पण मळली जात नाही. विकत घ्यायला उरते काय, डाळ, तेल, मसाला, पत्रावळ्या. तेवढ्यासाठी एक डबा ठेव, ज्याला जे टाकायचं ते त्यानं टाकावं, फोन पे नको, त्यात नाव आणि आकडा दोन्ही दिसते. आणि कोणी काय दिलं ते माईकवर वाचायचं नाही, बोर्डावर लिहायचं नाही. आपल्या भंडाऱ्यांमधे देणगीदारांची नावं तासभर वाचतात आणि खाली पत्रावळीवरचं वरण थंड होते, ते तुमच्याकडे नको.

जेवण झालं, गंज घासून झाले की वीस मिनिटं सगळ्यांना तिथंच बसव आणि पुढच्या श्रमदानाची तारीख तेवढी ठरव. बाकी मीटिंग नंतर घे. पहिल्या वेळी ३८ येणार नाहीत, बावीस-पंचवीस आले तरी रोडगे करा. जे नाही आले त्यांच्या घरी दोन-दोन रोडगे आणि वाटीभर भाजी त्याच संध्याकाळी पोचव, दोन्ही गटांतला एक-एक जण सोबत जाऊ दे.

आणि ग्रुपवर मेसेज टाकायच्या आधी आज संध्याकाळी अभ्यासिकेत जा, तिथं ज्या असतील त्यांना विचार की बाजाराच्या दिवशी सकाळी दहा ते तीन जमते का, नाही जमलं तर किती वाजता जमते, आणि त्या सांगतील ती वेळ धर.